१९५८ चा ट्वीड डिलक्स आणि आजचा हातबांधणीचा अ‍ॅम्प्लिफायर : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२४

काम सुरू करण्याआधी प्रश्न नीट मांडून ठेवतो. जुन्या, व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) अ‍ॅम्प्लिफायरमधून गिटारचा जो आवाज येतो, तो आजच्या लहान कार्यशाळांमध्ये हाताने बांधल्या जाणाऱ्या 'बुटीक' अ‍ॅम्प्लिफायरमधून येत नाही, असे अनेक गिटारवादक ठामपणे सांगतात. हे खरे असेल, तर तो फरक नेमका कोणत्या भागात राहतो, हे मला मोजून आणि ऐकून पाहायचे आहे. 'जुने ते सोने' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, आणि 'सगळा मनाचा खेळ आहे' हे उत्तरही तितकेच घाईचे वाटते.

तुलनेसाठी दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत. पहिला फेंडर कंपनीने कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे बांधलेला 'डिलक्स'. त्यावर फिकट पिवळे, लॅकर दिलेले ट्वीड कापड आहे आणि त्याचे सर्किट ५ई३ या क्रमांकाचे आहे. शिकागोजवळच्या एका परिचित स्टुडिओमालकांनी तो मला काही महिन्यांसाठी दिला आहे. त्यांना विचारल्याशिवाय कोणताही मूळ भाग काढायचा नाही, अशी त्यांची अट आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. दुसरा माझा स्वतःचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका छोट्या कार्यशाळेने काही वर्षांपूर्वी तो याच ५ई३ सर्किटवरून हाताने बांधला आहे.

एकाच आराखड्याचे दोन अ‍ॅम्प्लिफायर मी मुद्दाम निवडले. १९६४ चा डिलक्स रिव्हर्ब आणि आजचा एखादा अलेक्झांडर डम्बल या कारागिराच्या वळणाचा अ‍ॅम्प्लिफायर शेजारी ठेवला, तर त्यांच्यात फरक असणारच, कारण ती सर्किटेच वेगळी आहेत. त्यातून जुन्या-नव्याबद्दल काहीच कळत नाही.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवणे आवश्यक आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्यानंतरच्या काळात सर्किटांमध्ये आणि बांधणीत झालेले बदल वादकांना रुचले नाहीत आणि ते 'सीबीएसच्या आधीचे' अ‍ॅम्प्लिफायर शोधू लागले. पुढे न्यू जर्सीत केन फिशर यांनी ट्रेनरेक या नावाने आणि कॅलिफोर्नियात अलेक्झांडर डम्बल यांनी एकेक करून अ‍ॅम्प्लिफायर हाताने बांधले. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला मॅचलेस कंपनी सुरू झाली आणि तिने ब्रिटिश व्हॉक्स एसी३० चा वारसा पुढे नेला. इलिनॉयमधील व्हिक्टोरिया कंपनीने तर जुने ट्वीड अ‍ॅम्प्लिफायर शक्य तितक्या निष्ठेने पुन्हा बांधायचे हेच आपले काम मानले. म्हणजे बुटीक अ‍ॅम्प्लिफायरचा जन्मच जुन्याच्या ओढीतून झालेला आहे. त्यामुळे त्याला जुन्याच्या कसोटीवर घासून पाहणे योग्य आहे.

१३ जानेवारी २०२४

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे वय निश्चित केले. खोक्याच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर शाईने 'एचई' ही दोन अक्षरे उमटवलेली आहेत. फेंडरच्या पद्धतीत पहिले अक्षर वर्ष सांगते (ए म्हणजे १९५१) आणि दुसरे महिना. म्हणजे हा मे १९५८ चा आहे. सुट्या भागांवरील आकडे याला पुष्टी देतात. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा क्रमांक आहे, तो शिकागोच्या शूमाकर कंपनीचा. स्पीकरवरील २२० हा जेन्सनचा, तीही शिकागोचीच. पोटेन्शिओमीटरवरील ३०४ हा स्टॅकपोलचा. या क्रमांकांमागचे आकडे वर्षाचा शेवटचा अंक आणि आठवडा सांगतात. सगळे आकडे १९५८ च्या पहिल्या काही महिन्यांचे आहेत. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आणि जेन्सन पी१२आर स्पीकर मूळचे आहेत, ही या कामाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट आहे. स्पीकरच्या कोनच्या कडेला एक बारीक चीर आहे, पण ती पूर्वी कुणीतरी पातळ कागद चिकटवून नीट बुजवलेली आहे.

वीजपुरवठ्याचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र मूळचे नाहीत. त्यांच्यावर १९९१ चा शिक्का आहे. तेही आता तीस वर्षांपेक्षा जुने झाले.

२७ जानेवारी २०२४

आज सुरक्षिततेचे काम केले. त्या काळच्या अमेरिकन अ‍ॅम्प्लिफायरला दोन पिनांची वायर असे आणि मेन्सच्या एका तारेपासून चॅसिसपर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असे. तो शॉर्ट झाला की चॅसिसवर आणि तिथून गिटारच्या तारांवर मेन्सचा दाब येतो. गिटार हातात धरून मायक्रोफोनला ओठ लावणाऱ्या गायकाला याचा जीवघेणा धक्का बसू शकतो. मालकांच्या परवानगीने तो कपॅसिटर काढला, अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवली आणि काढलेला भाग नाव लिहून पिशवीत ठेवला. 'मूळ अवस्था' जपण्याचा आग्रह मला समजतो, पण या एका ठिकाणी तो मान्य करता येत नाही.

१९९१ चे तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. फेंडरच्या आराखड्यात प्रत्येकी १६ मायक्रोफॅरडचे आहेत, म्हणून तेवढेच लावले. नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये याच जागी बांधणाऱ्याने ३३ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर निवडले आहेत. हा फरक लक्षात ठेवायचा आहे.

पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घेतला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. त्यानंतर मेन्सचा दाब कमी-जास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकवरून ११७ व्होल्ट दिले. हा आकडा महत्त्वाचा आहे. फेंडरने हे अ‍ॅम्प्लिफायर ११७ व्होल्टच्या हिशेबाने आखले, आणि इथे अमेरिकेत माझ्या घरात भिंतीच्या सॉकेटला १२२ व्होल्ट येतात. ११७ वर या अ‍ॅम्प्लिफायरचा मुख्य डीसी दाब ३५२ व्होल्ट आहे, तर थेट भिंतीला लावल्यावर तो ३६७ होतो आणि व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलॅमेंटचा दाबही ६.३ वरून साडेसहाच्या वर जातो. आज घरोघरी ऐकले जाणारे कित्येक जुने अ‍ॅम्प्लिफायर १९५८ मध्ये कुणी ऐकलेच नव्हते अशा दाबावर चालत आहेत. यापुढील सर्व मोजमापे आणि सर्व ध्वनिमुद्रणे दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना ११७ व्होल्ट देऊनच केली जातील.

१० फेब्रुवारी २०२४

रेझिस्टर आणि कपॅसिटर मोजले. या विषयावर वादकांमध्ये सर्वाधिक बोलले जाते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

जुन्यातील रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचे आहेत. हे रेझिस्टर वयाबरोबर बहुधा वरच्या दिशेने सरकतात. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटला असलेला १०० किलोओहमचा रेझिस्टर आज ११८ किलोओहम दाखवतो. नव्यातील मेटल फिल्म रेझिस्टर १०० च्या अगदी जवळ आहेत. अठरा टक्क्यांचा फरक ऐकायला मोठा वाटतो, म्हणून त्याचा परिणाम हिशेबाने काढला. पहिला व्हॉल्व्ह १२एवाय७ आहे आणि त्याचा अंतर्गत रोध साधारण २५ किलोओहम धरला, तर प्लेटचा रोध १०० वरून ११८ झाल्याने गेन सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो. डेसिबलमध्ये हे पाव डेसिबलच्या आसपास भरते. व्हॉल्यूमची कळ केसभर फिरवली तरी यापेक्षा जास्त फरक पडतो. कार्बन कॉम्पोझिशनचे रेझिस्टर जास्त सळसळ करतात, हे मात्र खरे आहे. जुन्याची पार्श्वभूमीवरील खरखर नव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त आहे आणि शांत खोलीत ती ऐकू येते. या रेझिस्टरचा रोध त्यांच्यावरील दाबानुसार किंचित बदलतो आणि त्यातून 'गोडवा' येतो, असेही म्हटले जाते. तो गुणधर्म खरा आहे, पण त्याने निर्माण होणारी विकृती याच सर्किटातील व्हॉल्व्हच्या विकृतीपुढे फारच क्षीण आहे. केवळ त्यासाठी नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये महागडे जुने रेझिस्टर घालण्याला मला आधार दिसत नाही.

कपॅसिटरचे प्रकरण वेगळे निघाले. जुन्यात अ‍ॅस्ट्रॉन कंपनीचे पिवळे कपॅसिटर आहेत. एका ६व्ही६जीटी व्हॉल्व्हच्या ग्रिडवर शून्य व्होल्ट असायला हवेत, तिथे ०.६ व्होल्ट डीसी आढळले. त्याला जोडलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आधीच्या टप्प्यातील उच्च दाब थोडा थोडा झिरपू देत आहे. ग्रिडला २२० किलोओहमचा रेझिस्टर असल्याने ही गळती पावणेतीन मायक्रोअँपिअरच्या आसपास येते. एवढीशी गळतीही त्या व्हॉल्व्हला दुसऱ्यापेक्षा जास्त करंट ओढायला लावते, तो अधिक तापतो आणि जोडीचा तोल बिघडतो. काही लोक अशा गळतीलाच जुन्या आवाजाचे रहस्य मानतात. माझे मत स्पष्टपणे वेगळे आहे. हा बिघाड आहे, तो दर महिन्याला वाढत जाणार आहे आणि आज त्यातून जो आवाज येतो तो फुलर्टनच्या कारखान्यातून बाहेर पडलेला आवाज नाही. मालकांना फोन करून परिस्थिती समजावली. त्यांनी संमती दिल्यावर तेवढा एक कपॅसिटर बदलला. बाकीच्या अ‍ॅस्ट्रॉन कपॅसिटरमध्ये मोजण्याइतकी गळती नाही, म्हणून ते जागेवरच राहतील.

सर्किटबोर्डचीही नोंद करतो. जुन्याचा बोर्ड काळ्या व्हल्कनाइज्ड फायबरचा आहे आणि त्याला मेणाचा लेप आहे. हे फायबर दमट हवेत पाणी शोषते आणि मग बोर्डच थोडा वीजवाहक होतो. मल्टिमीटरचे एक टोक चॅसिसला आणि दुसरे बोर्डच्या मोकळ्या जागेवर टेकवून पाहिले, तर उच्च दाबाच्या आयलेटजवळही काही लक्षणीय आढळले नाही. इलिनॉयच्या हिवाळ्यात घरातील हवा फार कोरडी असते, हे त्यामागचे एक कारण असू शकते. रत्नागिरी किंवा पणजीच्या पावसाळ्यात याच बोर्डची पुन्हा तपासणी करावी लागेल. नव्याचा बोर्ड ग्लास इपॉक्सीचा आहे आणि त्याला ही चिंता नाही.

२४ फेब्रुवारी २०२४

व्हॉल्व्हची अदलाबदल केली. जुन्यातील १२एवाय७, १२एएक्स७ आणि ६व्ही६जीटीची जोडी नव्यात लावली आणि नव्यातील जुन्यात. ६व्ही६ ची जोडी दोन्हीकडे जवळपास सारखीच वागली. एक गोष्ट मात्र ठळकपणे समोर आली, ती रेक्टिफायर (एसीचे डीसी करणाऱ्या) व्हॉल्व्हची.

दोन्हींवर ५वाय३जीटी असेच लिहिलेले आहे. जुन्यात अमेरिकेतील आरसीएचा त्या काळचा आहे, नव्यात आजच्या उत्पादनाचा. अस्सल ५वाय३जीटी १२५ मिलिअँपिअरला सुमारे ६० व्होल्ट स्वतःच खातो. आजच्या उत्पादनातील काही ५वाय३ बरेच कमी खातात. नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये त्यामुळे मुख्य दाब ३७४ व्होल्ट होता. आरसीएचा व्हॉल्व्ह त्यात घातल्याबरोबर तो ३५६ वर आला, म्हणजे जुन्यापेक्षा जेमतेम चार व्होल्ट जास्त. या सर्किटात ६व्ही६ व्हॉल्व्हना ग्रिडवर वेगळा ऋण दाब दिलेला नाही. दोघांना मिळून २५० ओहमचा एकच कॅथोड रेझिस्टर आहे आणि त्यावरील दाबानेच त्यांचा कार्यबिंदू ठरतो. ३७४ व्होल्टवर प्रत्येक व्हॉल्व्ह जवळपास १४ वॅट उष्णता सोसत होता, तर मूळ माहितीपत्रकातील मर्यादा १२ वॅटची आहे. आरसीएचा रेक्टिफायर लावल्यावर तो आकडा १२ च्या जवळ आला. आवाजातही बदल झाला. जोरात छेडलेल्या सुरावर दाब खाली बसतो आणि सूर विरताना तो सावकाश वर येतो. वादक याला 'सॅग' म्हणतात. नव्यात तो आधी अगदी कमी होता, आता स्पष्ट जाणवतो.

पहिल्या महिन्यात नोंदवलेला ३३ मायक्रोफॅरडचा प्रश्न इथेच सोडवला. कपॅसिटर जितका मोठा, तितका तो दाब जास्त वेळ धरून ठेवतो आणि सॅग मंदावतो. पहिला कपॅसिटर १६ मायक्रोफॅरडचा केल्यावर गुणगुण किंचित वाढली, पण पिकच्या फटकाऱ्याला अ‍ॅम्प्लिफायरचा प्रतिसाद जुन्यासारखा झाला.

९ मार्च २०२४

ऐकण्याच्या चाचण्यांची मांडणी केली. एकच वादक एकच ओळ दोनदा अगदी सारखी वाजवू शकत नाही, म्हणून आधी गिटारचा सरळ, अ‍ॅम्प्लिफायरविना सिग्नल मुद्रित केला आणि तोच, मुद्रित सिग्नल गिटारच्या पातळीला आणणाऱ्या रीअ‍ॅम्प बॉक्समधून दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना पुन्हा दिला. गिटार टेलिकास्टर. शूअर एसएम५७ मायक्रोफोन स्पीकरसमोर ठरलेल्या खुणेवर. आवाजाची पातळी मीटरने जुळवली, कारण एखाद्या डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला 'चांगला' वाटतो आणि बहुतेक घरगुती तुलना याच एका कारणाने फसतात.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे काही मित्र ऐकायला बसले. कोणता तुकडा कोणत्या अ‍ॅम्प्लिफायरचा, हे त्यांना सांगितले नव्हते.

पहिल्या फेरीत प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या खोक्यात आणि स्वतःच्या स्पीकरवर होता. जुना कोणता हे सर्वांनी तात्काळ ओळखले. 'मधल्या पट्ट्यात जास्त बोलतो, वरचे टोक मऊ आहे' हे त्यांचे वर्णन होते. दुसऱ्या फेरीत मी फक्त स्पीकरच्या तारा बदलल्या. नवा अ‍ॅम्प्लिफायर १९५८ च्या जेन्सनला आणि जुना अ‍ॅम्प्लिफायर नव्याच्या खोक्यातील स्पीकरला. याही वेळी सर्वांनी तितक्याच खात्रीने 'जुना' ओळखला, पण त्यांनी ज्याला जुना म्हटले तो नवा अ‍ॅम्प्लिफायर होता. त्यांचा कान स्पीकरच्या मागे गेला होता.

याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ५ई३ मध्ये निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलटा करून मागे देण्याची सोय, नाही. त्यामुळे आउटपुट टप्प्याचा अंतर्गत रोध जास्त राहतो आणि स्पीकरचा इम्पीडन्स जिथे उंचावतो, म्हणजे त्याच्या नैसर्गिक कंपनसंख्येला आणि वरच्या पट्टीत, तिथे अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजही उंचावतो. फीडबॅक असलेल्या पुढच्या काळातील फेंडरमध्ये हे बरेच दाबले जाते. थोडक्यात, या सर्किटात स्पीकर हा केवळ शेवटचा भाग नाही. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या फ्रिक्वेन्सी प्रतिसादात सहभागी आहे. त्यात पी१२आरचा अल्निको चुंबक लहान आहे, कोन हलका आहे आणि पासष्ट वर्षांच्या वापराने कोनची कडा सैल झाली आहे. जास्त पॉवर आली की तो स्वतःच दबतो. नव्याच्या खोक्यातील स्पीकर याच्या कितीतरी पट ताकदीचा आहे आणि पंधरा वॅटने तो हलतही नाही. बांधणाऱ्याने तो टिकावा म्हणून निवडला असणार. हा विचार चुकीचा नाही, पण ट्वीड डिलक्सच्या आवाजाचा मोठा वाटा त्यामुळे निघून जातो.

जेन्सनच्या नावाने आज इटलीत बनणारा नवा पी१२आरही लावून पाहिला. तो स्वभावाने जुन्याच्याच घराण्यातला आहे, पण कोरा असताना वरच्या पट्टीत टोचतो. तो रोज काही तास वाजत ठेवला आहे.

२३ मार्च २०२४

दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच, १९५८ च्या स्पीकरवर, एकाच प्रकारच्या रेक्टिफायरसह. व्हॉल्यूम चारपर्यंत असताना ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. या अ‍ॅम्प्लिफायरच्या तबकडीवर आकडे १२ पर्यंत आहेत. आठच्या पुढे गेल्यावर मात्र फरक पुन्हा उघड झाला आणि तो फक्त खालच्या सुरांत होता. जाड ई तारेवर जोरात मारल्यावर नवा अ‍ॅम्प्लिफायर गुबगुबीत, चिखलासारखा वाजतो. जुना तिथेच आकसून घट्ट होतो.

उरलेला फरक आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये असावा असा माझा अंदाज आहे. पुढच्या वेळी तोच तपासायचा.

६ एप्रिल २०२४

अंदाज मोजमापाने पक्का झाला. स्पीकरच्या जागी ८ ओहमचा भार लावला आणि ऑसिलोस्कोपवर पाहिले. १ किलोहर्ट्‌झला जुना साडेअकरा वॅटला आणि नवा तेरा वॅटला क्लिप होऊ लागतो. हा फरक कानाला नगण्य आहे. मग गिटारच्या जाड ई तारेच्या मूळ सुराजवळ, म्हणजे ८२ हर्ट्‌झला, तीच चाचणी केली. नवा अकरा वॅटपर्यंत स्वच्छ साइन लहर देतो. जुन्याची लहर पाच वॅटच्या आसपासच बिघडू लागते.

ती कुठे बिघडते, हे महत्त्वाचे आहे. व्हॉल्व्ह क्लिप होतात तेव्हा लहरीचे माथे सपाट होतात. इथे माथे शाबूत होते आणि लहर शून्य ओलांडते त्या जागी मोडत होती. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो, जेव्हा दाब शून्यातून जातो. म्हणजे हे लोखंड संपृक्त होण्याचे लक्षण आहे. शूमाकरचा मूळ ट्रान्सफॉर्मर बराच लहान आहे. त्याच्या पट्ट्यांची थप्पी नव्यापेक्षा उघडच पातळ आहे.

नव्याच्या बांधणाऱ्याने मोठा ट्रान्सफॉर्मर घातला, त्यामागे सद्‌हेतूच होता. जास्त लोखंड म्हणजे जास्त दर्जा, असे हाय-फायच्या जगात मानतात आणि तिथे ते बरोबर आहे. पण ५ई३ मध्ये टप्प्याटप्प्याला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत, ते मंद्र सूर जवळपास न अडवता पुढे पाठवतात. पूर्ण व्हॉल्यूमला हे मंद्र सूर इतके साचतात की ६व्ही६ कोलमडतात. १९५८ मध्ये लहान ट्रान्सफॉर्मर त्यांना परस्पर आवर घालत होता. कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांनी तो बहुधा किमतीसाठीच लहान ठेवला असेल. त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर नोकरदार वादकाला परवडावेत यासाठी आखलेले होते आणि पूर्ण व्हॉल्यूमला विकृती यावी हा त्यांचा हेतू नव्हता. नील यंग यांच्यासारख्या वादकांनी याच डिलक्सच्या फुटलेल्या आवाजाला स्वतःची भाषा बनवले, ते पुढे. तरीही आज आपण ज्याला ट्वीडचा आवाज म्हणतो, त्यात त्या काटकसरीच्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. बुटीक बांधणारा 'सुधारणा' म्हणून जे भाग मोठे करतो, त्यांतला प्रत्येक भाग त्याने सर्किटाच्या संदर्भात तपासायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मिशिगनमधील ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या एका कारागिराकडे मूळ मापाच्या पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर मागवला आहे.

२० एप्रिल २०२४

पुण्याच्या एका गिटारवादक मित्राने विचारले, की अमेरिकेतून असा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवावा का. उत्तर इथेच नोंदवतो, कारण हा प्रश्न महाराष्ट्रातील अनेकांना पडतो.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर २३० चे १२० व्होल्ट करतो, पण ५० हर्ट्‌झचे ६० करत नाही. ६० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेल्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला तोच दाब ५० हर्ट्‌झला दिला, तर गाभ्यातील चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो. ११७ ऐवजी १२० व्होल्ट दिले तर आणखी थोडा. काही ट्रान्सफॉर्मर हे सोसतात, काही तासाभरात हात लावू देत नाहीत. दाब कमी करून भागत नाही, कारण मग व्हॉल्व्हचे फिलॅमेंट थंड राहतात. मूळ ट्रान्सफॉर्मर जळाला तर त्या अ‍ॅम्प्लिफायरचे मोलही गेले आणि आवाजही. माझा सल्ला असा, की जुना घ्यायचाच असेल तर फेंडरने निर्यातीसाठी बांधलेला, २३० व्होल्टच्या टॅपचा शोधावा. नाहीतर ५० हर्ट्‌झला चालणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवून मूळचा काढून जपून ठेवावा. हातबांधणीचा नवा मागवताना मात्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असे लिहून कळवले की प्रश्नच राहत नाही. भारतात राहणाऱ्या वादकासाठी बुटीक अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूने हा सर्वांत ठोस मुद्दा आहे आणि त्याचा आवाजाशी काही संबंध नाही.

४ मे २०२४

लहान ट्रान्सफॉर्मर आला आणि नव्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवला. ८२ हर्ट्‌झला लहर आता साडेपाच वॅटला मोडू लागते. १९५८ च्या स्पीकरवर, व्हॉल्यूम १२ वर, दोन्हींचे तुकडे मित्रांना पुन्हा ऐकवले. त्यांचे अंदाज विखुरले आणि कुणालाही खात्रीने सांगता आले नाही. मलाही, पडद्याआड बसून ऐकताना, फक्त दोन सुरांमधल्या शांततेतील खरखरीवरूनच जुना ओळखता येतो.

इटलीचा नवा पी१२आर आता बराच मोकळा झाला आहे. तो लावल्यावर फरक राहतो, पण पूर्वीच्या निम्माही नाही. वरच्या पट्टीतील टोक टेलिकास्टरवर अजून ऐकू येते, टोनची कळ थोडी मागे घेतली की जाते.

जुना अ‍ॅम्प्लिफायर आज परत दिला. कोणता भाग कधी बदलला, याचा कागद आणि काढलेल्या भागांची पिशवी खोक्याच्या आत बांधून दिली, म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. मालकांशी सविस्तर बोलणे झाले. कपॅसिटर आणि व्हॉल्व्ह पुन्हा मिळतील, ट्रान्सफॉर्मरही नमुन्याबरहुकूम गुंडाळून घेता येतो, पण तो कोन फाटला तर नव्या कोनवर तोच आवाज येणार नाही. म्हणून रोजच्या ध्वनिमुद्रणासाठी ते नवा पी१२आर लावणार आहेत, आणि मूळ स्पीकर ज्या कामाला खरोखर हवा असेल त्यापुरताच जोडणार आहेत. व्हॉल्यूम आठच्या पुढे न्यायचा असेल, तेव्हाही नवाच.